'लीड ऑन' आणि कीचकाची दरी

इंग्रजीतली जोडक्रियापदं म्हणजे जुळे भाऊ. दिसायला सारखे, स्वभाव वेगळा. 'लीड' म्हणजे नेणे, 'ऑन' म्हणजे पुढे. मग 'लीड ऑन' म्हणजे पुढे नेणे? इथंच गाडी घसरते. रूममेट प्रोजेक्ट रिपोर्टचं आभाराचं पान लिहीत होता. म्हणे, "अबे, सरांनी आमाले लीड ऑन केलं, असं टाकू का?" म्हटलं, "भाऊ, सही नाही व्हायची! गाइडेड अस लिही."

'लीड' आणि 'ऑन'च्या मध्ये माणूस बसला की अर्थ होतो झुलवणे, मनात नसताना आशेला लावणे. उदाहरण आपल्या चिखलदऱ्यातच आहे. विराटपर्वात कीचक सैरंध्रीच्या, म्हणजे द्रौपदीच्या मागे लागला. भीमाशी मसलत करून तिने त्याला रात्री नर्तनशाळेत एकट्याने यायला सांगितलं. तो नटूनथटून गेला, अंधारात भेटला भीम! भीमाने त्याला मारून दरीत फेकलं, भीमकुंडात हात धुतले आणि कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं, असं आपल्याकडे सांगतात. इंग्रजीत एका वाक्यात : द्रौपदी लेड कीचक ऑन.

यात दोन गोष्टी लागतात. समोरच्याला आशा हवी आणि आपला इरादा वेगळा हवा. कंपनीने खरंच घ्यायचं ठरवलं, पण नंतर जागा रद्द झाली, तर ते लीड ऑन नव्हे. जागाच नसताना "पुढच्या आठवड्यात कळवतो" असं महिनोन्‌महिने चाललं, तर मात्र शंभर टक्के लीड ऑन. हा फरक कळला की मुलाखतीनंतर उगाच कोणाला शिव्या घालणार नाही आणि उगाच वाटही पाहत बसणार नाही.

मध्ये माणूस नसेल तर शब्द सरळ आहे. गाविलगडावर वाट दाखवणाऱ्याला "लीड ऑन!" म्हटलं की "चला पुढे, आम्ही मागे आहोत."

'लीड टू' म्हणजे परिणाम होणे. १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला, दोनच दिवसांत भोसल्यांशी देवगावचा तह झाला. गड पडणं 'लेड टू' तह. त्याआधी २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली होती. अशा आधीच्या घडामोडींसाठी 'लीड अप टू'.

शेवटी स्पेलिंग. भूतकाळात 'लेड' लिहिताना मधला 'ए' गाळा, अक्षरं आपल्या एलईडी दिव्याचीच. 'ए' ठेवून 'लेड' म्हटलं तर ते सोल्डरमधलं शिसं!