प्रकाशकाचे गोदाम आणि विम्याची कलमे

मराठीतील बहुसंख्य प्रकाशनसंस्था आकाराने लहान आहेत. एक खोलीवजा कार्यालय, दोन-तीन मदतनीस आणि पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या किंवा इमारतीच्या तळमजल्यावर भाड्याने घेतलेले गोदाम, एवढाच त्यांचा पसारा असतो. वर्षानुवर्षांची गुंतवणूक या गोदामात कागदाच्या रूपाने पडून असते, आणि पाणी व आग हे कागदाचे जन्मजात वैरी. १९९७ साली कोलकात्याच्या पुस्तकमेळ्याला लागलेल्या आगीत असंख्य पुस्तके जळाली. मे २०२० मध्ये अम्फन चक्रीवादळानंतर त्याच शहरातील कॉलेज स्ट्रीटवर पुस्तके पाण्यावर तरंगत होती. १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर पुणेकरांना आणि २६ जुलै २००५चा पाऊस मुंबईकरांना वेगळा सांगायला नको. तरीही छोट्या प्रकाशकाच्या खर्चाच्या यादीत विम्याला बहुधा शेवटचे स्थान असते आणि तो घेतलाच, तर त्यातील कलमे वाचली जात नाहीत.

एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असणाऱ्या व्यवसायांसाठी १ एप्रिल २०२१पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे उपलब्ध आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, हेतुपुरस्सर नासधूस, पाण्याची टाकी वा नळ फुटणे या आपत्ती तिच्यात येतात. वाळवी, कसर आणि भिंतीची ओल मात्र येत नाही. पुस्तकांचे रोजचे नुकसान खरे तर यांच्यामुळेच होते. पण हळूहळू होणारी झीज ही आपत्ती नव्हे, अशी विम्याची भूमिका आहे. साध्या घरफोडीसाठीही वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

सर्वाधिक घोटाळा होतो तो साठ्याच्या मूल्याबाबत. छापील किंमत ३०० रुपये असलेल्या पुस्तकाचा निर्मितीखर्च ९० रुपये असेल, तर भरपाईचा हिशेब ९० रुपयांवर होतो. म्हणून छापील किमतीने विमा उतरवणे म्हणजे हप्त्यापोटी अकारण जादा पैसे भरणे होय. याच्या उलट चूक अधिक महाग पडते. गोदामात १० लाखांचा माल आहे, विमा ६ लाखांचा आहे आणि पुरात ४ लाखांचा माल भिजला, तर पूर्ण ४ लाख मिळत नाहीत. विमा मालाच्या ६० टक्केच असल्याने भरपाईही ६० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार रुपये. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापलीकडची नाही. दिवाळीच्या तोंडावर ज्यांचा साठा अचानक वाढतो, त्यांनी हे गणित श्रावणातच मांडावे हे बरे.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. विमा असतो तो पॉलिसीत लिहिलेल्या जागेतील मालाचा. प्रकाशकाचा माल मात्र एका जागी कधीच नसतो. कागदाची रिमे मुद्रणालयात, छापलेले फर्मे बाइंडरकडे, काही गठ्ठे दुसऱ्या गोदामात आणि उरलेली पुस्तके गावोगावच्या विक्रेत्यांकडे जाकडावर. अनेक ठिकाणच्या साठ्यासाठी 'फ्लोटर' पद्धतीचा विमा मिळतो, पण ती ठिकाणे आधी कळवावी लागतात. जाकडावरच्या पुस्तकांची मालकी विक्री होईपर्यंत प्रकाशकाकडे राहत असेल, तर तसे करारात आणि पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्यावे. नाहीतर दुकान जळाल्यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. फेब्रुवारी २०२५मध्ये साहित्य संमेलनासाठी पुस्तकांचे गठ्ठे दिल्लीला गेले. अशा प्रवासाला वाहतूक विमा लागतो आणि प्रदर्शनातील गाळ्याची नोंद वेगळी करावी लागते.

हस्तलिखिते आणि रेखाचित्रे खास उल्लेख केल्याशिवाय या पॉलिसीत धरली जात नाहीत. उत्पन्नातील तोट्याचेही तसेच. भाद्रपदात मुद्रणालयाला आग लागून दिवाळी अंक निघालाच नाही, तर मुद्रणालयाला यंत्राची भरपाई मिळेल. संपादकाच्या बुडालेल्या जाहिरातींची नाही.

आता मजकुरापासून उद्भवणारा धोका. बदनामी किंवा स्वामित्वहक्कभंगाच्या दिवाणी दाव्यातील वकिलाचा खर्च आणि नुकसानभरपाई यांसाठी उत्तरदायित्वाचा विमा मिळतो. फौजदारी शिक्षेचा विमा कोणीही उतरवत नाही. खटला मात्र किती लांबू शकतो, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंतर्गत नियतकालिकात १९९४ साली वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता छापली गेली. प्रकाशकाने तत्परतेने क्षमायाचना केली होती. तरी त्याच्यावरील आरोप सर्वोच्च न्यायालयाकडून रद्द होईपर्यंत मे २०१५ उजाडला. हा विमा घेणाऱ्याने एक अट नीट पाहावी: दावा विमा चालू असतानाच दाखल होऊन कंपनीला कळवला गेला पाहिजे. पुस्तक छापले तेव्हा विमा होता, एवढे पुरत नाही. लेखकाशी केलेल्या करारात जबाबदारी लेखकाची असे कलम बहुतेक जण घालतात. पण लेखकाची ऐपतच नसेल, तर त्या कलमाचा उपयोग तो काय?

खर्चाच्या बाजूने एक बोच आहे. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही, म्हणून विम्याच्या हप्त्यावर भरलेल्या १८ टक्के कराची वजावटही पुस्तकविक्रीतून मिळत नाही. इतर व्यापारी तो कर वळता करून घेतात, प्रकाशकाला तो पदरचा पडतो.

नुकसान झालेच, तर भिजलेले गठ्ठे सर्वेक्षक येण्यापूर्वी रद्दीत घालू नयेत. छायाचित्रे, मुद्रणालयाची बिले आणि साठ्याची वही गोदामाबाहेर दुसरीकडे ठेवलेली असावी. दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधानकारक उत्तर न आल्यास एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी वकील लागत नाही, शुल्कही नाही. मुंबई आणि पुणे या दोन्ही ठिकाणी लोकपालाची कार्यालये आहेत.