गॅस कुठंही गेलेला नव्हता

एसी बंद पडला की आपल्याकडे निदान आधी होतं, तपासणी नंतर. 'गॅस गेला' म्हटलं की मालकही गप्प बसतो, कारण गॅस म्हणजे सिलिंडरसारखा वापरून संपणारा पदार्थ, अशी आपली पक्की समजूत असते. एसीचा गॅस वापरला जात नाही. तांब्याच्या बंद नळीत तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि ते भोक दाखवता आलं पाहिजे.

भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीत, अंबाडीजवळ, आमच्या नात्यातल्या एका घरी मे महिन्यात असंच निदान होऊन गेलं होतं. दीड टनाचा जुना एसी, इन्व्हर्टर नसलेला. आतला पंखा फिरे, वारा येई, पण गार नाही. आधीच्या माणसाने उंबऱ्यावरूनच गॅस भरायचे तीन हजार सांगितले होते. दुसरा आला तो आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला पोरगा. गॅसचा दाब मोजायच्या गेजचा डबा त्याने आधी उघडलाच नाही. रिमोट मागितला, मोड 'कूल'वर आहे ना ते बघितलं, तापमान खाली आणलं आणि जिन्याने थेट गच्चीवर गेला.

तिथे तो नुसता ऐकत उभा राहिला. आउटडोअर युनिटमधून जाड गुणगुण आली, काही सेकंदांनी 'टक्' आवाज होऊन थांबली. बाहेरचा पंखा मात्र फिरत होता. "मावशी, गॅस कुठं गेला नाय. कॉम्प्रेसर उठतच नाय," तो वरूनच ओरडला.

हे त्याला गेज न लावता कसं कळलं? अशा जुन्या यंत्रात गॅस पूर्ण उडाला तरी कॉम्प्रेसर फिरतो. नुसताच फिरतो, गारवा देत नाही, एवढंच. इथे तो सुरूच होत नव्हता, म्हणजे दोष बहुधा विजेच्या बाजूचा. शिवाय बंद यंत्राला गेज लावून फारसं कळत नाही. आर-२२ गॅसच्या अशा बंद एसीवर ३५ अंशांच्या उन्हात काटा १८० पीएसआयच्या आसपास उभा राहतो. त्यावरून नळीत थोडा तरी द्रव आहे एवढं कळतं. तो पुरेसा आहे का, हे यंत्र चालू असतानाच समजतं. काटा दाखवून 'बघा' म्हणणाऱ्यांचं निम्मं दुकान या अज्ञानावर चालतं.

आता क्रम विजेचा. आउटडोअरच्या टर्मिनलवर व्होल्टेज: २१५. कॉम्प्रेसर उठायला बघतो तेव्हा जरा पडतं, पण चालण्याजोगं राहतं. स्टॅबिलायझर ठीक. मग एमसीबी पाडला, झाकण उघडलं. आत कपॅसिटर, डोकं फुगलेला. त्याला हात लावण्याआधी पोराने दोन वायरींचा बल्ब त्याच्या टोकांना टेकवला, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भार धरून बसतो आणि झटका चांगलाच देतो. मीटर लावला. अंगावर छापलं होतं ४५ मायक्रोफॅरड, उरले होते १९. सिंगल फेजवरच्या कॉम्प्रेसरला सुरुवातीचा जोर याच डब्यातून मिळतो. तो नाही म्हणून मोटर गुणगुणते, करंट खेचते, तापते आणि ओव्हरलोड तिला तोडतो.

नवा कपॅसिटर चारशेच्या आत आला. पहिल्या फटक्यात कॉम्प्रेसर उठला. क्लॅम्प मीटरवर करंट आठ अँपिअरच्या पुढे गेला, आणि पोराच्या कपाळावर आठी आली. मला वाटलं होतं काम झालं. त्याचं म्हणणं, कपॅसिटर मेला कशाने ते अजून कळलेलं नाही.

कारण डोळ्यांसमोर होतं. पावसाची काळजी म्हणून घरच्यांनी आउटडोअरला वरून आणि तिन्ही बाजूंनी पत्रा ठोकला होता. पुढून फेकलेली गरम हवा त्याच पत्र्यात घोटाळून मागून परत आत जात होती. मागच्या कॉइलच्या पात्यांत रस्त्याच्या धुळीचा नमदा बसलेला.

एसी थंडी तयार करत नाही. तो पंप आहे. विहिरीतलं पाणी पंपाने वर उपसावं तशी तो खोलीतली उष्णता उपसून बाहेर ओततो. ओतायची जागाच तुंबली तर पंपाला दम लागणारच. हेच यंत्र उलटं चालवून घर गरम करता येईल, हे लॉर्ड केल्व्हिनने १८५२ मध्ये मांडलं. १९३८ मध्ये झुरिकच्या नगरपालिका भवनात लिमाट नदीच्या पाण्यातली उष्णता खेचणारा पंप चालू झाला. युरोपात अनेक घरांत आता असा पंप हिवाळ्यात चालतो आणि बंद पडला की तिथेही तपास याच वाटेने जातो: वीज, हवा, मग गॅस. दिघाशीकरांना पाण्यातून ऊब मिळण्याचं अप्रूप नाही. जवळच तानसेकाठी अकलोली-गणेशपुरीला जमीनच गरम पाणी देते.

पत्र्याच्या बाजू काढल्या, वरचा तेवढा उंच करून ठेवला. वीज तोडून, वायरींवर प्लास्टिक बांधून, पाइपने कॉइल धुतली. धार आतून बाहेर, हलकी. जोरात मारली की अॅल्युमिनियमच्या पात्या आडव्या होतात. निघालेलं पाणी गच्चीवर चहाच्या रंगाचं वाहिलं. आत जाळीचा फिल्टर निघाला तोही तसाच. सुकल्यावर पुन्हा चालू केलं: करंट सातच्या खाली. आता, सगळ्यात शेवटी, गेज. सक्शनला ६८ पीएसआय. आर-२२ साठी हे अगदी योग्य; एवढ्या दाबाला तो साधारण चार-पाच अंशांवर उकळतो. नटांवर तेलाचा ओला डाग नाही, साबणाच्या फेसाला बुडबुडा नाही. आतल्या युनिटमध्ये शिरणारी आणि निघणारी हवा मोजली, फरक ११ अंश. गॅसचा थेंबही भरावा लागला नाही.

पाली, मुंग्या आणि उंदीर यांचा उल्लेख राहिला. गावाकडच्या बंद एसींत त्यांचा वाटा मोठा असतो. कॉन्टॅक्टरच्या फटीत मुंग्या शिरल्या की संपर्क जुळत नाही, आणि सर्किटवर चढलेली पाल स्वतःही जाते, बोर्डही नेते. या घरात तसं काही निघालं नाही.

तुमच्या दारात कोणी 'गॅस गेला' म्हणाला तर तीन गोष्टी मागा. कॉम्प्रेसर चालू असतानाचा गेज दाखव. कपॅसिटर मोजून दाखव. लीक कुठे आहे ते फेस लावून दाखव. लीक सापडली तर ती आधी बुजवून घ्या, नळी व्हॅक्युम करून घ्या आणि मगच गॅस भरू द्या. लीक न दाखवता गॅस भरणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि आउटडोअरला पत्र्यात कोंडलं असेल तर आजच मोकळं करा. ते यंत्र पावसात उभं राहण्यासाठीच बनवलेलं असतं.