वरदाकाठचे वैद्यक आणि त्याचे टीकाकार

वर्धा नदीचे जुने नाव वरदा. आज वरोरा तालुक्याच्या पश्चिम सीमेवरून वाहणाऱ्या या नदीच्या तीरावर सार्थ नावाचे विद्वान ब्राह्मणांचे एक महास्थान होते, असे तेराव्या शतकातील बोपदेवाने ‘शतश्लोकी’ या आपल्या वैद्यकग्रंथाच्या अखेरीस नोंदवले आहे; मात्र काठावरच्या कोणत्याही एका गावाने त्यावर हक्क सांगावा एवढा तपशील त्याने दिलेला नाही. त्याचे वडील केशव वैद्य होते, गुरू धनेशही वैद्यच होते आणि तो स्वतः देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या आश्रयाला होता. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिणारा तो हाच हेमाद्री. बोपदेवाचे ‘मुग्धबोध’ व्याकरण बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले, पण त्याच्या स्वतःच्या मुलखात त्याचे नाव क्वचितच निघते.

एकाच द्रव्याच्या गुणांविषयी चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांची मते जुळत नसतील, तर वैद्याने कोणाचे प्रमाण मानावे, हा प्रश्न केशवाने ‘सिद्धमंत्र’ या ग्रंथात हाती घेतला. द्रव्याने वात, पित्त, कफ या तीन दोषांपैकी काय शमते आणि काय वाढते, या एकाच कसोटीवर त्याने द्रव्यांचे आठ वर्ग पाडले. मूळ श्लोक इतके आटोपशीर आहेत की नुसते वाचणाऱ्याला वर्ग आणि नावे यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. निर्णयांमागची चर्चा ‘सिद्धमंत्रप्रकाश’ या टीकेत येते आणि ती टीका बोपदेवाची आहे. वडिलांनी निकाल द्यावा आणि मुलाने त्याची कारणे लिहून ठेवावीत, असा हा व्यवहार आहे, आणि ग्रंथ टिकण्याचे मोठे श्रेय मुलाकडे जाते. ‘शतश्लोकी’ ही चूर्ण, गुटिका, अवलेह, घृत, तैल आणि क्वाथ या कल्पांची, म्हणजे औषधाच्या तयार रूपांची, शंभर श्लोकांतली मांडणी असून तिच्यावरही बोपदेवाने स्वतःच ‘चंद्रकला’ टीका लिहिली, कारण पाठ करण्यासाठी रचलेला श्लोक कृती शिकवायला अपुरा पडतो, हे त्याला पुरते ठाऊक असावे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मिळणारा बिब्बा, म्हणजेच भल्लातक, हे याचे उत्तम उदाहरण. एखाद्या योगात ‘शुद्ध भल्लातक’ एवढे दोनच शब्द असतात. पण ते शुद्ध करायचे म्हणजे हातांना खोबरेल तेल चोपडायचे, देठाकडची टोपी कापायची, बिब्बे विटेच्या भुकटीत घालून चोळायचे आणि भुकटीने तेल शोषून घेतले की गरम पाण्याने धुवायचे. यात हयगय झाली, तर औषध देणाऱ्याच्याच अंगावर फोड उठतात.

नकला करणाऱ्यांच्या हातीही बरेच काही होते. कर्ष म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १२ ग्रॅम आणि पल म्हणजे त्याच्या चौपट. त्यामुळे लेखनिकाने एका शब्दाच्या जागी दुसरा उतरवला, तर मात्राच बदलते. चुकलेले अक्षर हरताळाच्या पिवळ्या लेपाने झाकले जाई. हा हरताळ म्हणजे सोमलवर्गातले खनिज, जे रसशास्त्रात शोधन करून औषध म्हणूनही वापरतात. अशा नकलांपैकी, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील सरकारी संग्रहातल्या वैद्यक हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची हरदत्त शर्मा यांनी तयार केली आणि ती १९३९ मध्ये छापली गेली.

लिखित पुराव्याचे वजन किती असते, हे हळदीच्या प्रकरणात दिसले. जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट, रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर, १९९७ मध्ये रद्द झाले, ते ग्रंथांतले दाखले पुढे ठेवता आले म्हणून. घरोघरच्या अनुभवाला तिथे कोणी विचारले नसते. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या गोंड आणि माडिया जाणकारांचे ज्ञान तोंडी चालत आले, त्याला केशव होते, पण बोपदेव मिळाला नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद केली, त्यामुळे वनस्पती आणि तिचा उपयोग आता कागदावर येऊ शकतो. पण बिब्ब्याच्या रकान्यापुढे केवळ ‘औषधी’ असे लिहून भागणार नाही, विटेची भुकटी आणि खोबरेल तेलही तिथे यायला हवे.