भद्रेश्वरच्या वाळूत रुतलेल्या मशिदी

भारतात इस्लाम आला तो तलवारीच्या मागोमाग, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा केले गेले आहे की त्याला पुरावा मागण्याची गरजही कोणास वाटेनाशी झाली आहे. सिंधवरची स्वारी आणि १०२५-२६ मधील महमूद गझनीची सोमनाथवरील चाल कोणी नाकारू शकत नाही. परंतु कच्छच्या किनाऱ्यावर, मुंद्रा तालुक्यातील भद्रेश्वर या गावी, या विधानाची दुसरी बाजू सांगणारा पुरावा दगडात उभा आहे.

येथील इब्राहीमच्या दर्ग्यावरील कूफी लिपीतील लेख हिजरी ५५४, म्हणजे इसवी सन ११५९-६० चा आहे. दिल्लीत कुतुबमिनाराजवळच्या मशिदीची पायाभरणी व्हायला त्या वेळी तीस-एक वर्षांचा अवधी होता. गुजरातेत चौलुक्य कुमारपालाचे राज्य होते आणि जैन धर्माचा मोठा आश्रयदाता म्हणून त्याची ख्याती आहे. त्याच्याच राज्यात या बंदरात राहणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांनी आपली प्रार्थनास्थळे बांधली. मेहरदाद शोकूही यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वास्तूंना भारतातील सर्वांत जुन्या इस्लामी वास्तू म्हटले आहे. केरळातील चेरामन मशिदीची परंपरा याहून पुष्कळ जुनी सांगितली जाते, हे खरे. पण तिची आजची इमारत त्या काळची नव्हे.

दर्ग्याखेरीज येथे दोन मशिदी आहेत. एक लहान, आणि दुसरी ‘सोळाखंभी’ नावाची, जिचे भक्कम खांब निम्मेअधिक वाळूत बुडालेले आहेत. ते घडवणारे हात स्थानिक पाथरवटांचे, हे उघड आहे. कमान नाही, खांबांवर तुळया आणि तुळयांवर दगडी पाटे. दर्ग्याचा घुमटदेखील मंदिराच्या छताप्रमाणे थरावर थर पुढे सारून साधलेला. फक्त देवदेवतांच्या मूर्ती तेवढ्या वगळलेल्या. मंदिरे पाडून आणलेले हे खांब नव्हेत, मशिदीसाठीच मुद्दाम कोरलेले आहेत, असा अभ्यासकांचा निर्वाळा आहे. तेराव्या शतकातील भद्रेश्वरचा विख्यात जैन श्रेष्ठी जगडूशहा याच्या संस्कृत चरित्रात तर त्याने मशीद बांधविल्याचाही उल्लेख आहे!

एवढ्या मोठ्या बंदराचे पुढे काय झाले? १७६३ पासून जुन्या कोटाचे दगड बांधकामासाठी काढले जाऊ लागले, आणि १८१० च्या सुमारास मुंद्रा बंदराच्या उभारणीत जुन्या देवळांवरही पाळी आली. त्या लुटीत देऊळ-मशीद हा भेद नव्हता. चिरा चांगला असला म्हणजे झाले.

भेद पडला तो नंतर. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने येथील वसई तीर्थाचे प्राचीन जैन मंदिर उद्ध्वस्त झाले. समाजाने ते पुन्हा उभारले आणि तेथे यात्रेकरूंची वर्दळ असते. त्यांतील फार थोडे पुढे मशिदींपर्यंत जातात. यात यात्रेकरूंचा दोष नाही. मंदिराच्या पाठीशी समाज आहे; ज्यांनी मशिदी बांधल्या ते दर्यावर्दी व्यापारी मात्र शतकांपूर्वीच पांगले. अशा बेवारस वास्तूंचे पालकत्व शासनाकडे येते, आणि येथे भव्य जीर्णोद्धाराची मुळीच आवश्यकता नाही. किंबहुना तो न झालेलाच बरा. जाणकारांच्या देखरेखीखाली वाळू काढणे, शिलालेखांचे खाऱ्या वाऱ्यापासून रक्षण करणे आणि आलेल्यास दोन अक्षरे वाचता येतील असा फलक लावणे, एवढे पुष्कळ झाले.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी राष्ट्रकूटांच्या राज्यातील चौलला आला, तेव्हा तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदले आहे. डहाणूजवळच्या चिंचणी येथे सापडलेल्या शके ८४८ च्या ताम्रपटात, राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा मधुमती नावाचा ताजिक अधिकारी देवीच्या मठाला जमीन देण्यास संमती देताना दिसतो. मधुमती म्हणजे मुहम्मद. मसूदीने पाहिलेल्या त्या वस्तीची एकही मशीद चौलमध्ये आज उभी नाही. ती कशी असेल याची कल्पना करावयाची, तर कोकणच्या माणसालाही भद्रेश्वरच गाठावे लागते.