पन्नास एकर वाळू की एक एकर?

पुण्याच्या मंडईत पालेभाजीच्या जुड्यांवर दिवसभर पाणी शिंपडलं जातं. खडकवासल्याचं हे पाणी पर्वतीच्या जलकेंद्रात गाळून येतं. पेशवाईत इथल्या काळ्या हौदाला, बदामी हौदाला कात्रजच्या तलावातून पाणी येई. गाळ वाटेतच खाली बसायचा, शुद्धीकरण म्हणायचं ते एवढंच.

आज गाळणी निवडायची तर आधी जागा मोजावी लागते. मंद वाळू-गाळणीतून पाणी तासाला जेमतेम 10 ते 20 सेंटिमीटर उतरतं. वाळूच्या माथ्यावर सूक्ष्मजीवांची चिकट साय धरते आणि रोगजंतूंचा फडशा पाडते. 1892 मध्ये हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसं दगावली. त्याला खेटून असलेलं आल्टोना एल्बे नदीचंच, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचं पाणी पीत होतं. पण वाळूतून गाळलेलं. ते बऱ्याच अंशी वाचलं.

मात्र रोज 50 कोटी लिटर पाणी असं गाळायचं तर 25 ते 50 एकर नुसती वाळू पसरावी लागेल. शिवाय आषाढातलं गढूळ पाणी तिला लगेच तुंबवतं. जलद गाळणीत पाणी तासाला पाच मीटर उतरतं. तेवढ्याच पाण्याला एकरभर वाळू पुरते.

यात एक मेख आहे. या वाळूतल्या फटी जिवाणूहून कितीतरी मोठ्या असतात. खरं काम तुरटीचं! म्हणून प्रयोगशाळेत सहा काचपात्रांत गढूळ पाणी घेऊन प्रत्येकात तुरटीची मात्रा थोडी थोडी वाढवत नेतात. पाती फिरतात, कापसासारखे पुंजके धरतात, खाली बसतात. जिथे कमीत कमी तुरटीत पाणी नितळ झालं, ती मात्रा त्या दिवसाची. पाऊस कोसळला की पुन्हा चाचणी. वाळू तुंबली की खालून हवा आणि पाणी सोडून ती धुवायची. यात हयगय झाली, तर गाळणी असून नसल्यासारखी.

तिसरा पर्याय पडदा-गाळणीचा. ती जिवाणूही अडवते, जागाही कमी घेते. पण पडदे ठरावीक वर्षांनी बदलावे लागतात आणि पंपांना वीज लागते. निविदेत किंमत पाहताना हा पुढचा खर्चही मांडायला हवा. माझं मत विचाराल तर धरणाच्या पाण्याला तुरटी, वाळू आणि क्लोरीन हे त्रिकूट पुरेसं आहे.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा शहरालगतच्या नांदेड गावच्या विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन घालून आसपासच्या वस्त्यांना मिळत होतं. तिथे साध्या वाळूचीही गाळणी नव्हती.