नाद किती रेंगाळावा?

विहिरीत डोकावून हाक मारण्याचा खेळ लहानपणी आपण सर्वांनीच खेळलेला असतो. पुढे शाळेच्या पुस्तकात ‘प्रतिध्वनी’ आणि ‘निनाद’ हे शब्द भेटतात. सतरा मीटरच्या पलीकडची भिंत असेल तर हाक वेगळी परत येते, त्याहून जवळच्या भिंतींवरून आली तर ती मूळ आवाजातच मिसळून रेंगाळते, एवढे पाठ करून परीक्षा दिली की बहुतेक जण ते विसरूनही जातात. माझे पोट मात्र गेली काही वर्षे या रेंगाळण्यावरच चालते.

अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या माझ्या घराच्या मागच्या खोलीत एक छोटासा स्टुडिओ आहे. नारळी पौर्णिमेच्या आधी कोळीगीते, गणपतीच्या तोंडावर भजने, मधूनमधून जाखडीची गाणी इथे ध्वनिमुद्रित होतात. खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगलेल्या असल्याने गाणाऱ्याचा आवाज अगदी कोरडा येतो, अळणी आमटीसारखा. त्यात जागेचा भास नंतर संगणकावर मिसळायचा. हे काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना प्लगइन म्हणतात, आणि माझ्याकडे निनादाची अशी नऊ प्लगइन साठली होती. सवलतीची जाहिरात आली की घेतलेली. घरात चार किसण्या असाव्यात तशी.

एकेकाळी या निनादासाठी खरी जागाच लागे. ‘मुगल-ए-आझम’मधल्या शीशमहलातल्या गाण्याला हवी तशी घुम मिळावी म्हणून नौशाद यांनी लताबाईंना स्टुडिओच्या न्हाणीघरात उभे करून गायला लावले, असे सांगितले जाते. 1957 साली जर्मनीच्या ईएमटी कंपनीने लोखंडी चौकटीत पोलादाचा भलामोठा पातळ पत्रा टांगून त्याच्या थरथरीतून निनाद मिळवला. ते धूड अडीचशे किलोंहून जड होते! 1978 मध्ये लेक्सिकॉन 224 हे आकडेमोडीवर चालणारे यंत्र आले. आजची बहुतेक प्लगइन याच मोजक्या यंत्रांच्या नकला आहेत. मग ती एकमेकांसारखी वाटली तर नवल काय?

यंदा निवड करणे भागच पडले, कारण काम बुवांचे होते. बुवांचे वय 78. पन्नास वर्षे पंचक्रोशीत भजने केलेला माणूस. आता आवाजाला कंप आहे, वरच्या पट्टीत श्वास पुरत नाही. सहा अभंग नातवंडांसाठी राहावेत, एवढीच इच्छा. त्यांचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, जरा जास्त घुमव. कापरेपण झाकलं जाईल.”

त्याचे म्हणणे चूक नव्हते. तीन सेकंदांचा निनाद दिला की तुटलेल्या श्वासाची फट खरोखरच बुजते. पण त्याच वेळी एका शब्दाचे शेपूट पुढच्या शब्दावर लोळते. त्यात झांजेची किणकिण आणि मृदंगाच्या डाव्या पुडीचा घुमार मिसळला की अभंगाचा नुसता चिखल होतो. बुवांनी हेडफोन लावून दोन मिनिटे ऐकले आणि विचारले, “हे देऊळ कुठलं रे? आपल्या देवळात असा आवाज कधी होता?”

प्रश्न नेमका होता. प्लगइनमधल्या तयार जागांची नावे पाहा: कॅथीड्रल, कॉन्सर्ट हॉल, चर्च. आमच्याकडचे जुने देऊळ म्हणजे लाकडी खांब, वर कौले, तीन बाजूंनी उघडा सभामंडप. आवाज भिंतीवरून परतण्याऐवजी बाहेर माडांत निघून जातो. शिवाय समोर बसलेली माणसेही आवाज पितात. हार्वर्डमधले प्राध्यापक वॉलेस सॅबाइन यांनी 1895 पासून हेच मोजले. रात्री नाट्यगृहातल्या गाद्या उचलून व्याख्यानाच्या खोलीत आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर टिपायचे. रिकाम्या खोलीत तो साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळत असे. गाद्या वाढतील तसा कमी होई. (जीर्णोद्धारात कौले काढून स्लॅब आणि खाली चकचकीत फरशी घालणाऱ्यांनी हे एकदा जरूर वाचावे. बुवांचे देऊळही आता तसेच झाले आहे, आणि तिथे लाऊडस्पीकरवरचे शब्द कळत नाहीत.)

म्हणून नऊही प्लगइनची परीक्षा घेतली. सर्वांचा निनाद एकाच लांबीचा लावला, आवाजही सारखा केला. कारण जे मोठे वाजते ते चांगले वाटते, ही कानाची जुनी खोड. पत्नीला संगणकाशी बसवले, मी पाठ करून बसलो आणि तिने नाव न सांगता एकेक वाजवले. पत्र्याच्या चार नकलांपैकी तीन मला वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. मोठ्या सभागृहांच्या तिन्हींत फरक होता, पण मृदंग आणि झांज सुरू होताच तोही बुडाला.

शेवटी दोन ठेवली. एक छोट्या लाकडी खोलीचे, सगळ्यांना एकत्र बसवायला. दुसरे पत्र्याचे, फक्त बुवांच्या गळ्याला, तेही जेमतेम एक सेकंदाचे. निनाद सुरू होण्याआधी 25 मिलिसेकंदांची उसंत ठेवली. तेवढ्यात आवाज साडेआठ मीटर जातो. त्या उसंतीत शब्दाचे पहिले अक्षर स्वच्छ निसटते. निनादातला खालचा जाड भाग कापून टाकला. बाकीची सात यादीतून काढली. पैसे गेले ते गेले.

मुलगा अजून थोडा नाराज आहे, कारण कंप ऐकू येतो. बुवांनी मात्र तिसरा अभंग पुन्हा गायचा म्हणून निरोप धाडला आहे. श्वासासाठी नव्हे. त्यातला एक शब्द त्यांच्या मते नीट उच्चारला गेला नव्हता, आणि तो आता स्पष्ट कळतो.