टिंग वाजलं म्हणजे पैसे आले का?

दुकानाचं सॉफ्टवेअर : भाग ६

सरमकुंडी फाट्यावर गाडी थांबली की पेढ्याच्या दुकानात एकदम झुंबड उडते. अर्धा किलो तोलून बांधून होतो न होतो तोच गिऱ्हाईक मोबाइल उंच धरून म्हणतं, ‘मारलेत बघा,’ आणि वळतं. स्क्रीनवर बरोबरची हिरवी खूण दिसते. गल्ल्यावरचा स्पीकर मात्र गप्प. तिकडे कंडक्टरनं डबल बेल दिलेली. पिशवी सोडायची की धरून ठेवायची?

दुकानदार माणूस बघून ठरवतो. आपल्या ॲपला माणूस दिसत नाही. गेल्या भागात आपण अशाच एका पेढेवाल्यासाठी ऑर्डर घेणारं ॲप बिलापर्यंत आणून ठेवलं होतं. आज त्याला यूपीआय जोडायचं आहे. जोडणी तासाभराची आहे. खरा वेळ जातो तो पैसे आले हे कोणाच्या शब्दावर मानायचं, हे ठरवण्यात.

‘पैसे भरा’ हे बटण दाबलं की ॲप एक दुवा तयार करतं आणि मोबाइलमधलं फोनपे, गूगल पे, भीम, जे असेल ते उघडतं. दुव्यात मोजक्याच गोष्टी असतात : पैसे कोणाच्या यूपीआय पत्त्यावर, दुकानाचं नाव, रक्कम, चलन, आणि बिलाची खूण. यातली शेवटची सगळ्यात महत्त्वाची. खव्याच्या भट्टीवर दूध घालणाऱ्या प्रत्येकाचं पान वेगळं असतं, तशी प्रत्येक बिलाची खूण वेगळी हवी. गल्ल्यावर चिकटवलेल्या क्यूआरमध्ये ती नसते, त्यामुळे आलेले २४० रुपये कुठल्या बिलाचे हे त्यावरून उमगत नाही. आणि खातं व्यापारी म्हणून बँकेकडून किंवा पेमेंट गेटवेकडून घ्यावं लागतं. मालकाच्या खासगी पत्त्यावर पैसे घेतले तर ते आल्याची खबर आपल्या सर्व्हरला कोणी देणार नाही.

आता पैशाची वाट बघा. गिऱ्हाईक पिन टाकतं. निरोप त्याच्या ॲपमागच्या बँकेकडून एनपीसीआयकडे जातो, तिथून गिऱ्हाइकाच्या बँकेकडे. तिथे पैसे वजा होतात, मग दुकानाच्या बँकेत जमा, आणि उत्तर त्याच वाटेनं माघारी. केनियात २००७ साली एम-पेसा सुरू झालं तेव्हा पैसे मोबाइल कंपनीच्याच वहीत या पानावरून त्या पानावर जात होते. वही एक, हिशेबनीस एक. एनपीसीआयनं ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय आणलं ते बँकाबँकांना जोडणारं. एका व्यवहारात इतके हात लागतात की मधला एखादा हात थबकला तर पैसे इकडून कटलेले आणि तिकडे न पडलेले, असं काही काळ होऊ शकतं. २०२५च्या ऑगस्टमध्ये महिन्याचे व्यवहार २,००० कोटींवर गेले. त्यात हजारी एक जरी लटकला तरी आकडा किती होईल, बघा.

व्यवहार झाला की दोन उत्तरं येतात. एक गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरून आपल्या ॲपला : ‘झालं.’ दुसरं बँकेकडून किंवा गेटवेकडून थेट आपल्या सर्व्हरला. याला वेबहुक म्हणतात; मी त्याला सांगावा म्हणतो. पहिल्या उत्तरावर स्क्रीनवर ‘तपासत आहोत’ एवढंच दाखवावं. खोटी हिरवी खूण दाखवणारी ॲपं बाजारात फिरतात, आणि गिऱ्हाइकाच्या हातातला मोबाइल हा आपला माणूस नव्हे. पेढे बांधायला सांगायचं ते सांगाव्यावरून.

सांगावाही डोळे मिटून घ्यायचा नाही. त्याच्यासोबत सही येते. गेटवेनं आपल्याला दिलेल्या गुप्त किल्लीनं ती सर्व्हरवर पडताळायची. (ही किल्ली ॲपमध्येच लिहून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. म्हणजे तिजोरीची चावी दाराच्या कडीला लटकवली!) मग रक्कम आणि बिलाची खूण जुळते का ते बघायचं. रक्कम नेहमी पैशांत, पूर्णांकात ठेवा. दशांशात ठेवलीत तर महिनाअखेरीला एखादा पैसा कुठे गेला ते शोधत बसाल. आणखी एक : सांगावा दोनदा येतो. आपला सर्व्हर ‘मिळाला’ म्हणायला चुकला की गेटवे पुन्हा धाडतो. म्हणून बिल आधीच जमा असेल तर दुसरा सांगावा नुसता नोंदवून गप्प बसायचं.

आणि कधी सांगावा येतच नाही. हे मी तुळजापुरात शिकलो. परड्या, कवड्यांच्या माळा, हळदीकुंकू विकणाऱ्या एका दुकानासाठी मी पहिल्यांदा हे काम केलं, तेव्हा माझ्या तक्त्यात दोनच खाने होते : ‘आले’ आणि ‘नाही आले’. कोजागरीच्या आदल्या रात्री सोलापूरकडून चालत येणाऱ्यांची रीघ लागली. मोबाइलवर रेंजच्या काड्या पूर्ण, पण काही हलेना. दोन मिनिटांत सांगावा आला नाही की माझं ॲप बेधडक सांगायचं, ‘पैसे आले नाहीत, पुन्हा भरा.’ माणसं पुन्हा भरायची. दोन्ही पैसे यथावकाश पडायचे. रात्री अकराला मालक म्हणाले, ‘माल कमी गेलाय अन् पैसं जास्त, हे कसं काय?’

तिसरा खाना हवा होता : ‘लटकलेले’. त्यात पडलेल्या बिलासाठी आपण होऊन गेटवेला विचारायचं, आधी थोड्या सेकंदांनी, मग मिनिटांनी. पक्का नकार मिळेपर्यंत गिऱ्हाइकाला ‘पुन्हा भरा’ म्हणायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे पैसे कटले पण दुकानाला पोच मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत गेले पाहिजेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. गिऱ्हाइकाला हे सांगता आलं की आवाज निम्मा खाली येतो, हा अनुभव.

शिवाय रात्री रोजमेळ. गेटवेची दिवसाची यादी उतरवून घ्यायची आणि आपल्या बिलांशी एकेक ओळ जुळवायची. आडत दुकानातले दिवाणजी रोकड जुळल्याशिवाय कुलूप लावत नसत. इथे तेच काम रात्री एक वाजता सर्व्हर करतो.

त्या रात्री मात्र ते मी आणि मालकांनी कागदावर केलं. बहुतेकांचे जादा पैसे सकाळपर्यंत हातात दिले. एक मावशी तेवढ्या राहिल्या. माळेचे पैसे दोनदा भरून त्या पहाटेच्या गाडीनं निघून गेल्या होत्या. नाव नाही, फोन नाही, आमच्याकडे उरला होता तो व्यवहाराचा बारा आकडी नंबर. तेवढ्यावर पैसे परत कसे धाडायचे, ते पुढच्या भागात.